दोघांना वाचता येईल अशी वही

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतलं ‘मिंट’ बंद झालं. घरखर्चाचा हिशेब ठेवणारी ही सेवा २००७ साली सुरू झाली होती. दोनच वर्षांत इंट्युइट कंपनीनं ती १७ कोटी डॉलर मोजून विकत घेतली आणि पुढं लाखो घरांनी आपली बँकखाती, कार्डं, कर्जं तिला जोडून टाकली. सेवा फुकट होती. बंद करताना कंपनीनं लोकांना आपल्याच दुसऱ्या एका सेवेकडं वळायला सांगितलं. पण मिंटवर महिन्याचं अंदाजपत्रक जसं मांडता यायचं तसं तिथं मांडता येत नव्हतं. मायक्रोसॉफ्टचं ‘मनी’ त्याआधी असंच गेलं. १९९१ मध्ये आलं, २००९ मध्ये त्याची विक्री थांबली.

माझी उभी नोकरी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवण्यात झाली. त्यामुळं मिंटची बातमी वाचली तेव्हा मनात आधी आलं ते हेच, की त्या सगळ्या नोंदींचं काय झालं असेल. ज्यांनी मुदतीच्या आत उतरवून घेतल्या त्यांच्या राहिल्या. पेठेतलं दुकान बसलं तरी चोपड्या दुकानदाराच्या माळ्यावर राहतात. इथं चोपडी दुसऱ्याच्या माळ्यावर होती आणि माळाच पाडायचं ठरलं. संसार चाळीस-पन्नास वर्षांचा असतो. हिशेबाचा एखादा कार्यक्रम पंधरा वर्षं टिकला तरी पुष्कळ झालं. घरासाठी असा कार्यक्रम निवडायला बसलेल्या कुणालाही मी आधी हे सांगते, आणि मगच बाकीच्या सोयी-गैरसोयींकडं वळते.

माझ्या भाचीलाही हेच सांगितलं. तिचं लग्न अलीकडंच झालं. दोघं पुण्यात बाणेरला राहतात, दोघंही नोकरी करतात, डोक्यावर पन्नास लाखांचं गृहकर्ज आहे. तिनं फोनवर विचारलं, “मावशी, पगार दोन आणि शिल्लक शून्य, असं का होतं गं? कोणतं ॲप घेऊ ते तूच सांग.” तिच्या मनात एक फोनवरचं ॲप होतं. जावयांचं एक्सेलचं पत्रक आधीपासून होतंच. ऑफिसातल्या कुणीतरी तिला ‘यू नीड अ बजेट’ सुचवलं होतं. मी स्वतः घरचा हिशेब ग्नूकॅशवर ठेवते. म्हटलं, येते, बसून बघू.

फोनवरचं ॲप होतं ते मेसेज वाचणाऱ्या जातीचं. बँकेचा मेसेज आला की ते वाचतं, रक्कम उचलतं आणि खर्चाचं शीर्षकही आपणच लावतं. आपल्याकडं या जातीतलं सुरुवातीचं ठळक नाव म्हणजे वॉलनट, तेही पुण्याचंच. २०१८ मध्ये कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीनं ते घेतलं आणि पुढं त्याचं नावही बदललं. यात वावगं काही नाही, धंदे असेच हात बदलतात. पण आपण महिनाभर कुठं किती उधळतो हे ज्या यंत्राला कळतं, ते उद्या कर्ज देणाऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतं, एवढं डोळ्यांसमोर ठेवूनच परवानगीचं बटण दाबावं. रिझर्व्ह बँकेनं २०१६ च्या नियमांनी ‘अकाउंट अ‍ॅग्रीगेटर’ ही व्यवस्था आखली आणि सप्टेंबर २०२१ पासून बँका त्यात उतरल्या. तिच्यात कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ द्यायची हे आपण ठरवतो आणि दिलेली संमती मागेही घेता येते. मेसेज वाचू देण्यापेक्षा ही वाट शंभर पटींनी सरळ आहे.

तरी माझा खरा आक्षेप खासगीपणाचा नाही. भाचीनं त्या ॲपवरचा मागच्या महिन्याचा तक्ता माझ्यासमोर धरला. भाजीवाल्या मावशींचा क्यूआर कोड त्यांच्या मुलाच्या नावावर आहे, म्हणून महिन्याची सगळी भाजी ‘व्यक्तींना पाठवलेले पैसे’ या शीर्षकाखाली जाऊन पडली होती. माहेरी आईला पाठवलेले पैसेही तिथंच. एटीएममधून काढलेले पाच हजार सरळ ‘खर्च’ म्हणून दाखवले होते; ते पुढं कुठं गेले याचा पत्ता नाही. आणि क्रेडिट कार्डावर घेतलेल्या वस्तू एकदा खर्चात आल्या होत्या, मग कार्डाचं बिल भरलं तेव्हा तीच रक्कम पुन्हा एकदा खर्चात आली होती. रंगीत वर्तुळ फार सुरेख दिसत होतं. त्यावरून घराबद्दल काही ठरवायला गेलो असतो तर चुकलोच असतो.

या चुका सुधारता येतात. बोटानं शीर्षक बदललं की झालं, पुढच्या वेळी ॲप ते लक्षात ठेवतं. पण मग तो तक्ता रोज कुणीतरी तपासायला हवा, आणि ज्याला नोंद करायचा कंटाळा म्हणून यंत्र आणलं तो तपासायला कशाला बसतोय? घरच्या हिशेबात नोंद करणं हेच मुख्य काम आहे, असं मला वाटतं. रक्कम स्वतःच्या हातानं लिहिताना माणूस क्षणभर थांबतो. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची छापील वही काढली, काकेइबो म्हणतात तिला. शीर्षकं छापलेली, रकमा मात्र गृहिणीनं आपल्या हातानं भरायच्या. तसल्या वह्या तिथं अजून खपतात, तेही प्रत्येकाच्या खिशात फोन असताना.

मग मी माझा लॅपटॉप उघडला. ग्नूकॅश १९९८ पासून आहे, फुकट आहे, आणि कुण्या एका कंपनीच्या मालकीचं नाही. त्याची फाईल आपल्याच संगणकावर राहते. भाषांच्या यादीत मराठी आहे आणि कोकणीही आहे. ते दुहेरी नोंदीवर चालतं, म्हणजे लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात मांडलेल्या पद्धतीवर. मालमत्ता, देणी, उत्पन्न, खर्च आणि भांडवल अशी पाच घराणी. प्रत्येक व्यवहार एका खात्यातून निघतो आणि दुसऱ्यात पोचतो. नवख्याला सोपं जावं म्हणून त्यात रकान्यांना साधी नावं दिलेली असतात. मी मात्र औपचारिक नावांची खूण चालू करून घेते. नावे आणि जमा समोर दिसल्याशिवाय मला करमत नाही. टॅलीवर घरचा हिशेब ठेवणारे काहीजण माझ्या ओळखीचे आहेत. टॅली व्यापाऱ्यासाठी बनलेलं, त्याला तोड नाही. पण दूध-भाजीसाठी व्हाउचर फाडत बसणं मला घरात जड वाटतं.

दुहेरी नोंद घराला कशाला हवी, हे भाचीला कार्डाच्या उदाहरणानं लगेच पटलं. कार्डावर वाणसामान घेतलं तेव्हा खर्च झाला आणि कार्डवाल्याचं देणं वाढलं. बिल भरलं तेव्हा देणं फिटलं आणि बँकेतले पैसे कमी झाले. खर्च तेव्हा झालाच नाही. एकेरी वहीत हे दोन प्रसंग वेगळे काढायला जागाच नसते.

गृहकर्जाचा हप्ता हा त्याहून मोठा धडा होता. पन्नास लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के, म्हणजे महिन्याला ४३,३९१ रुपये. ॲपवर ती एकच रक्कम ‘हप्ता’ म्हणून पडत होती. आम्ही ती फोडून लिहिली. पहिल्या महिन्यात व्याज ३५,४१७, मुद्दल ७,९७४. व्याज खर्चात गेलं, मुद्दलानं कर्ज तेवढं कमी झालं. म्हणजे घराचा तेवढा तुकडा त्यांचा झाला. भाची बराच वेळ त्या दोन आकड्यांकडं बघत राहिली. मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा कधी होणार, असं तिनं विचारलं. दर बदलला नाही तर बारावं वर्ष सरत येतं तेव्हा. “म्हणजे सुरुवातीला जास्तीचे भरले तर?” ती म्हणाली. सुरुवातीला भरलेला प्रत्येक जादा रुपया पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज वाचवतो. दिवाळीचा बोनस कुठं टाकायचा, हा त्यांचा अडलेला निर्णय त्या नोंदीपुढं बसूनच झाला. जो हिशेब असा निर्णय करून देत नाही तो ठेवून काय करायचं?

आणि मग त्या पाच हजारांकडं वळलो. दोन बाजू जुळल्या नाहीत तरी ग्नूकॅश अडवून धरत नाही. जी रक्कम लागत नाही ती ‘इम्बॅलन्स-आयएनआर’ नावाच्या खात्यात टाकून देतं आणि ते खातं यादीत तसंच उघडं ठेवतं. वर्गात आम्ही याला सस्पेन्स खातं म्हणायचो. भाचीनं आठवेल तसं लिहिलं: कामाच्या बाईंना उचल २,०००, भाजी ६००, रिक्षा ४००, फुलवाला ३५०. एकूण ३,३५०. उरलेले १,६५० इम्बॅलन्समध्ये जाऊन बसले. ती डोकं खाजवत असताना आतल्या खोलीतून जावई म्हणाले, “अगं, वॉचमनच्या मुलीच्या लग्नात मी अकराशेचा आहेर दिला ना, तुझ्याच पर्समधून घेतले होते.” राहिले ५५०. ते शेवटपर्यंत सापडले नाहीत, तसेच ‘न लागलेले’ म्हणून लिहून टाकले.

मला त्या अकराशेंचं फार मोल वाटतं. मेसेज वाचणाऱ्या ॲपला ते कधीच कळले नसते, आणि एकट्या भाचीलाही नाही. नोंद अडली म्हणून विचारणं झालं, विचारलं म्हणून आतून उत्तर आलं. घरातल्या पैशाबद्दल दोन माणसं एरवी बोलतात ती बहुतेक भांडताना. इथं कुणावर कुणाचा ठपका नव्हता, एक रक्कम लागत नव्हती आणि दोघं मिळून ती लावत होती.

त्या उचलीचीही एक गोष्ट आहे. भाचीनं २,००० खर्चात टाकले होते. मी म्हटलं, उचल हा खर्च नव्हे, ते येणं आहे. पुढच्या पगारातून वळतं करायचं ठरलंय ना? तर बाईंच्या नावानं मालमत्तेत एक खातं उघड. तिनं उघडलं, आणि लगेच म्हणाली, “मावशी, त्यांच्या मुलाची फी होती ती. सगळे नाही कापणार मी.” ठीक आहे, जेव्हा सोडशील तेव्हा सोडलेली रक्कम खर्चात लिही. पण तोवर ती कुणाच्या तोंडी राहायला नको, कागदावर राहू दे. कामाच्या बायकांच्या उचलीवरून किती घरांत दोन्हीकडून गैरसमज होतात! एक म्हणते फिटली, दुसरी म्हणते राहिली. लिहिलेलं असलं की त्या गरीब बाईचंही रक्षण होतं.

‘यू नीड अ बजेट’कडं मी जरा उशिरा वळले, पण त्याच्या मागचा विचार माझ्या आईला ठाऊक होता. जेसी मेकम नावाचा अकाउंटन्सीचा विद्यार्थी नवा संसार थाटताना आपल्या दोघांसाठी एक पत्रक बनवतो आणि २००४ मध्ये ते विकायला काढतो, तिथून या कार्यक्रमाची सुरुवात झाली. क्विकन या घरहिशेबाच्या कार्यक्रमाचा जन्मही संसारातलाच. बिलं भरण्याच्या कटकटीनं बायको वैतागलेली पाहून स्कॉट कुक यांना ते सुचलं आणि १९८३ मध्ये इंट्युइट उभी राहिली. दोन्हींत फरक आहे तो काळाचा. क्विकन झालेलं लिहितं. मेकमचा कार्यक्रम पुढचं ठरवायला लावतो: हातात आज जो पैसा आहे त्यातल्या प्रत्येक रुपयाला आजच काम नेमून द्या, न आलेल्या पगाराची वाटणी करू नका. एका शीर्षकात कमी पडले तर दुसऱ्यातून उघडपणे हलवा. विम्याचा हप्ता वर्षातून एकदा येतो, तर त्याचा बारावा भाग दरमहा बाजूला पडलाच पाहिजे.

माझी आई हे पाकिटांवर करायची. वडिलांचा पगार रोख यायचा. एक तारखेला रात्री जेवणं झाली की ती खाकी पाकिटं काढून बसायची: दूध, वाणी, शाळा, दवाखाना, गावाकडं, सणवार. दुधाच्या पाकिटाला आधार भिंतीवरच्या कालनिर्णयाचा. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेवर फुली. मध्यावर वाण्याचं पाकीट रिकामं झालं तर ती दवाखान्याच्या पाकिटातून घ्यायची, पण नुसते घ्यायची नाही. चिठ्ठी टाकायची: ‘४० घेतले, वाणी, परत करणे’, आणि तारीख. त्या चिठ्ठ्या मी लहानपणी मोडलेल्या पेन्सिलीनं लिहून दिलेल्या आहेत. वडील त्या वाचायचे. महिन्याची ओढाताण त्यांना कधी तोंडानं सांगावी लागली नाही. दुहेरी नोंदीचं नावही न ऐकलेली आई प्रत्येक व्यवहाराच्या दोन्ही बाजू लिहीत होती, हे मला पुढं कॉलेजात कळलं आणि तेव्हापासून या विषयावर माझा जीव बसला.

म्हणून मेकमची पद्धत मला मनापासून मान्य आहे. त्याचा कार्यक्रम मात्र भाचीला घेऊ दिला नाही. वर्षाला शंभर डॉलरच्या वर भाडं, तेही कायमचं. पूर्वी तो एकदा विकत घेतला की आपला होत असे. २०१५ च्या अखेरीपासून वर्गणी सुरू झाली. त्यातली मोठी सोय म्हणजे बँकेचे व्यवहार आपोआप येणं, आणि ती तिकडच्या बँकांसाठी. रुपयाचं चिन्ह लावता येतं, नोंदी आपल्यालाच कराव्या लागतात. मग त्या आपल्या मालकीच्या वहीत का करू नयेत? अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं. बाणेरच्या घराला त्याची गरज नाही.

राहिलं जावयांचं एक्सेल. मोठ्या हौसेनं केलेलं पत्रक. म्युच्युअल फंड, पीपीएफ, कर, कर्ज, सगळ्याला वेगळं पान, वेगळे रंग. एका पानावरचा आकडा दुसऱ्यावर ओढून घेतलेला. भाचीला त्यातलं एकही पान समजत नव्हतं. तिनं एकदा चुकून एक ओळ पुसली तेव्हा सगळीकडं चुकीच्या खुणा उमटल्या, त्यानंतर तिनं ते उघडलंच नाही. जावई कुणाला दूर ठेवणारे नाहीत. ते उलट म्हणायचे, बघ ना कधीही. पण एकाच्या डोक्यातून निघालेलं पत्रक दुसऱ्याला परक्याच्या घरासारखं वाटतं.

इथं मला थोडं थांबून बोलावंसं वाटतं. नवरा गेल्यावर कोणत्या बँकेत काय आहे हे ठाऊक नसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. चांगल्या शिकलेल्या, नोकऱ्या केलेल्या. नवऱ्यानं काही लपवलं नव्हतं, सगळं नीट लिहूनही ठेवलं होतं, फक्त स्वतःला कळेल असं. दहा वर्षं ज्या ठेवींना कुणी हात लावत नाही त्या बँकांकडून रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात. अशा ठेवी शोधता याव्यात म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला ‘उद्गम’ नावाचं संकेतस्थळ काढावं लागलं. त्यातली प्रत्येक ठेव कुणीतरी कधीतरी कुठल्या तरी वहीत टिपलेली असणार. ती वही दुसऱ्या कुणाला वाचता आली नाही. घरासाठी कार्यक्रम निवडताना लोक किंमत विचारतात, फोनवर चालतो का विचारतात, रंगीत आलेख आहेत का बघतात. मी एकच बघते: घरातलं दुसरं माणूस तो आज उघडून, कुणाला न विचारता, घराची शिल्लक आणि घराचं देणं सांगू शकेल का? ज्याचं उत्तर नाही, तो कार्यक्रम कितीही गुणी असला तरी घराचा नव्हे.

ग्नूकॅशही या कसोटीला आपोआप उतरत नाही, हे कबूल. रोज रात्री लॅपटॉप उघडून दुहेरी नोंद करायला भाची काही माझी विद्यार्थिनी नाही. आणि रोजचं रोज लिहिलं नाही तर भाजी विसरते, हे तर सरकारी पाहणीवाल्यांनाही माहीत आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीवाले घरोघरी खर्च विचारतात तेव्हा भाजी, फळं, अंडी, मासे यांचा मागच्या ७ दिवसांचा विचारतात. कपडे, शाळेची फी, टिकाऊ वस्तू यांचा मागच्या ३६५ दिवसांचा. फी वर्षभर आठवते, कोथिंबीर आठवड्यातच जाते. आणि २०२२-२३ च्या पाहणीत शहरी माणसाच्या खर्चातला खाण्यापिण्याचा वाटा ३९ टक्के निघाला, खेड्यात ४६. विसरला जाणारा भाग किरकोळ नाही.

तेव्हा आम्ही सोपं केलं. दोघांच्या फोनवर एकच सामायिक पत्रक, रकाने चार: तारीख, रक्कम, कशासाठी, कुणी. रंग नाहीत, सूत्रं नाहीत. ज्यानं खर्च केला त्यानं तिथल्या तिथं लिहायचं, भाजीवाल्या मावशी पिशवी भरत असतानाच. रविवारी सकाळी ते पत्रक ग्नूकॅशमध्ये ओढायचं. साध्या स्वल्पविरामी फाईलमधून ते येतं. एका रविवारी तिनं लॅपटॉपवर बसायचं, पुढच्या रविवारी त्यांनी. आळीपाळी मोडायची नाही, हा माझा एकच हट्ट होता. बँक खात्याच्या पोटात उपखाती उघडली: विमा, मालमत्ता कर, दवाखाना, गणपती, गावाकडं. पगार झाला की त्याच दिवशी वाटणी. ही आईची पाकिटंच झाली, आणि एकातून दुसऱ्यात हलवलं की त्याचीही तारखेसकट नोंद पडते. फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर, आणि ३१ मार्चला ताळेबंदाचं एक पान छापून घराच्या कागदपत्रांच्या फायलीत. उद्या ग्नूकॅशसुद्धा बंद पडेल, का नाही? छापलेलं पान आणि साधी फाईल त्यानंतरही वाचता येईल.

जावयांना त्यांचं एक्सेल सोडायला मी सांगितलं नाही. गुंतवणुकीचा परतावा मोजायला ते उत्तम आहे, त्यांना त्यात गोडी आहे, आणि गोडीनं केलेलं काम टिकतं. फक्त घराची शिल्लक कोणती असं कुणी विचारलं तर उत्तर सामायिक वहीतून यायचं.

एक वाद मात्र राहिला आहे, हातखर्चाचा. दोघांसाठी दरमहा चार-चार हजार वेगळे काढायचे यावर दुमत नाही. जावयांचं म्हणणं, त्यांचीही आतली नोंद हवी, नाहीतर वर्षाच्या पत्रकात जवळजवळ लाखाचं शीर्षक नुसतं ‘हातखर्च’ म्हणून राहतं आणि ते त्यांना खुपतं. भाची म्हणते, मी मैत्रिणीला कॉफी पाजली की कानातलं घेतलं हे मला कुणाला सांगायचं नाही. मी भाचीच्या बाजूची आहे आणि तसं त्यांना स्पष्ट सांगितलंय. उघडा हिशेब म्हणजे एकानं दुसऱ्यावर ठेवलेली पाळत नव्हे. दोघांना सारखी रक्कम, एकच शीर्षक, आणि त्याच्या आत कुणी डोकवायचं नाही. जावयांनी महिनाभर करून बघू म्हटलंय. तो महिना संपायचाय, आणि भाचीच्या चार हजारांतले किती उरले हे मी विचारलेलं नाही.